त्याच मॉडेलच्या गाडीचे चांगले इंजिन आपल्या गाडीत बसवताना

एखाद्या गाडीची बॉडी अपघातात वाकलेली असते, पण तिचे इंजिन ठणठणीत असते. आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचे बाकी सारे नीट असून इंजिनाने मात्र दम सोडलेला असतो. अशा वेळी पहिलीचे इंजिन दुसरीत बसवणे हा बहुतेकदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. जुने इंजिन पूर्ण खोलून बोअर (सिलिंडरचे भोक), क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) आणि हेड (सिलिंडरांवरचे झाकण) यांचे काम करण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो. शिवाय कारखान्यात जुळवलेले आणि मध्ये कोणी न उघडलेले इंजिन हे घाईत दुरुस्त केलेल्या इंजिनापेक्षा अधिक भरवशाचे असते, असे माझे ठाम मत आहे.

या कामात सर्वाधिक फसगत होते ती ‘मॉडेल तेच आहे, म्हणजे सगळे आपोआप जुळेल’ या समजुतीमुळे. म्हणून एक धोरण आरंभीच ठरवावे आणि शेवटपर्यंत सोडू नये: दुसऱ्या गाडीकडून इंजिनाचे मूळ धड, म्हणजे ब्लॉक, हेड आणि त्यांच्या आतले भाग घ्यावेत, आणि बाहेरून लागणारे सेन्सर, वायरिंग, मॅनिफोल्ड (हवा आत आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच), अल्टरनेटर, माउंटिंगचे ब्रॅकेट हे चांगल्या स्थितीत असतील तर आपल्याच गाडीचे वापरावेत. गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, आणि वायरिंगला इंजिन बदलल्याचे जितके कमी जाणवेल, तितके काम सुरळीत होते.

जुने इंजिन का गेले, हे आधी शोधावे

नवे इंजिन शोधण्यापूर्वी जुन्याच्या मृत्यूचे कारण कळलेच पाहिजे, कारण ते कारण पुष्कळदा इंजिनाच्या बाहेर असते आणि गाडीतच राहून जाते. इंजिन तापून गेले असेल तर रेडिएटर आतून चोंदला आहे का, पंखा योग्य तापमानाला सुरू होतो का, रेडिएटरचे झाकण दाब धरते का आणि होस पाईप आतून सुटून पाणी अडवत नाहीत ना, हे तपासावे. यांपैकी एकही दोष तसाच राहिला तर नवे इंजिनही त्याच वाटेने जाते, आणि मग दोष इंजिन विकणाऱ्याला दिला जातो.

बेअरिंग फिरून किंवा पिस्टन तुटून इंजिन गेले असेल तर धातूचा चुरा ऑइलबरोबर सर्वत्र पसरलेला असतो. ऑइल कूलर कितीही धुतला तरी त्याच्या बारीक वाहिन्यांत चुरा अडकून राहतोच, त्यामुळे तो बदलणे हाच उपाय आहे. टर्बो असलेल्या गाडीत टर्बो फुटला असेल तर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि त्याला जोडणारे पाईप उतरवून पूर्ण रिकामे व स्वच्छ करावेत. डिझेल गाडीत तर ही गोष्ट जिवावर बेतू शकते: इंटरकूलरमध्ये साचलेले ऑइल हवेबरोबर आत ओढले गेले, तर इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू लागते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. जुने इंजिन बराच काळ ऑइल जाळत होते, तर सायलेन्सरच्या मार्गातला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला आहे का तेही पाहावे. चोंदलेल्या सायलेन्सरवर उत्तम इंजिनसुद्धा मेल्यासारखे चालते.

चांगल्या इंजिनाची पारख

इंजिन अजून गाडीतच असेल आणि ती गाडी सुरू होत असेल, तर ती संधी दवडू नये. जाण्यापूर्वी इंजिन सुरू करून ठेवू नये असे मालकाला सांगावे, आणि पोहोचल्यावर ब्लॉकला हात लावून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी. गरम इंजिन आपले बरेच दोष लपवते. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत जो आवाज येतो आणि सायलेन्सरमधून जो धूर निघतो, त्यातून पुष्कळ कळते. सुरुवातीला निळसर धुराचा एक झोत येऊन नंतर धूर थांबला, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात, आणि हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे; पण ॲक्सिलरेटर दाबताना निळा धूर सतत येत राहिला, तर पिस्टन-रिंग आणि बोअर झिजल्याची शंका घ्यावी. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) सिलिंडरमध्ये जात आहे. तळातून येणारा जड, ठोका मारल्यासारखा आवाज हा क्रँकच्या बेअरिंगचा असण्याची शक्यता असते, आणि तसे इंजिन स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये.

ऑइल भरण्याचे झाकण उघडून आत पाहावे. तिथे दुधाळ पिवळसर साय दिसली तर बरेच जण तिथूनच परत फिरतात. ते योग्यच आहे असे नाही, कारण थंड हवेत केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही वाफ साचून झाकणाखाली अशी साय जमते. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल, किंवा रेडिएटरच्या पाण्यावर ऑइलचा तवंग असेल, तर मात्र हेडचे पॅकिंग, हेड किंवा ऑइल कूलर यांपैकी काहीतरी गेलेले आहे.

यापुढची कसोटी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते याची. सर्व स्पार्क प्लग काढावेत, इंधन आणि इग्निशन बंद करावे, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा ठेवावा, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, आणि प्रत्येक सिलिंडरवर मीटर लावून स्टार्टरने पाच-सहा आवर्तने द्यावीत. साधारण पेट्रोल इंजिनात १० ते १४ बार, म्हणजे अंदाजे १५० ते २०० पीएसआय, दाब मिळतो. डिझेल इंजिनात तो याच्या दुपटीहून अधिक असतो आणि त्याला वेगळे मीटर लागते. आकडा नेमका किती आला यापेक्षा सर्व सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत, याला मी अधिक महत्त्व देतो. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक फरक असेल तर कारण शोधलेच पाहिजे. पेट्रोल इंजिनाच्या ज्या सिलिंडरचा दाब कमी आला, त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर गळती रिंगकडून होत आहे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग दोषी आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच दाब कमी असणे, हे त्या दोघांमधले पॅकिंग उडाल्याचे ठळक लक्षण आहे.

इंजिन आधीच उतरवून जमिनीवर ठेवलेले असेल, तरी गिअरबॉक्स आणि स्टार्टर जोडलेले असल्यास बॅटरीच्या जाड वायरी लावून हीच चाचणी घेता येते. निदान क्रँकच्या पुलीवर गोटी पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. कुठेही कडक अडथळा येता कामा नये. बराच काळ पडून राहिलेल्या इंजिनात एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून त्या सिलिंडरमध्ये दमट हवा शिरते आणि बोअरवर गंजाचे कडे धरते. अशा इंजिनात प्लगच्या भोकांतून थोडे ऑइल सोडावे, एक दिवस मुरू द्यावे आणि मगच ते हाताने फिरवावे. थेट स्टार्टर मारू नये. मालकाची हरकत नसेल तर ऑइल फिल्टर काढून, कापून, त्याच्या कागदाच्या घड्या उजेडात पसरून पाहाव्यात. त्यात चमकणारे कण दिसले, तर इतर सर्व चाचण्या चांगल्या येऊनही मी ते इंजिन घेणार नाही.

तेच मॉडेल, पण तेच इंजिन आहे का?

एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या गाडीत वर्षागणिक आणि प्रकारागणिक वेगवेगळी इंजिने असतात, आणि बाहेरून ती जुळ्या भावंडांसारखी दिसतात. म्हणून गाडीच्या नावावर न जाता ब्लॉकवर कोरलेला इंजिन कोड वाचावा आणि तो आपल्या इंजिनाच्या कोडशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. कोड जुळला तरी उत्पादनाचे वर्ष पाहावेच. उत्सर्जनाचे नियम बदलले की त्याच इंजिनावर वेगळे इंजेक्टर, वेगळा ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) किंवा जास्तीचा सेन्सर येतो.

यातला सर्वांत कपटी फरक क्रँक सेन्सरच्या दातेरी चकतीचा आहे. एका इंजिनात ६० दातांच्या जागांपैकी २ गाळलेले असतात, तर दुसऱ्यात ३६ पैकी १. ईसीयूला आपल्या ओळखीचा नमुना मिळाला नाही तर तो ठिणगी आणि इंधन यांची वेळच ठरवू शकत नाही. स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. ही चकती कधी फ्लायव्हीलवर, कधी क्रँकवर आणि कधी पुढच्या पुलीमागे असते. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी असेल तर जुन्या इंजिनावरून काढून लावणे सोपे असते. मधल्या ठिकाणी असेल तर इंजिन खोलावे लागते, आणि तेवढ्या कारणासाठी दुसरे इंजिन शोधणे बरे.

देणारी गाडी ऑटोमॅटिक आणि आपली मॅन्युअल, किंवा उलट, असेल तरी ब्लॉक बहुधा तोच असतो. फ्लायव्हील (मॅन्युअलमधले क्रँकमागचे जड चाक) आणि फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमधली त्याच जागेची पातळ चकती) यांची अदलाबदल मात्र करावी लागते, त्यांचे बोल्ट वेगळ्या लांबीचे असतात, आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक ज्या गाड्यांत क्रँकच्या मागच्या भोकात टेकते तिथे पायलट बेअरिंग बसवावे लागते. ऑटोमॅटिकसाठी बनलेल्या क्रँकमध्ये ते बेअरिंग नसते, हे पुष्कळदा गिअरबॉक्स जोडून झाल्यावर ध्यानात येते.

चोरी रोखणारी इमोबिलायझर यंत्रणा चावीतील चिप आणि ईसीयू यांची जोडी ओळखते. आपला ईसीयू, आपली चावी आणि आपली वायरिंग कायम ठेवली तर हा प्रश्न उद्भवत नाही. काही कारणाने दुसऱ्या गाडीचा ईसीयू घ्यावाच लागला, तर त्याच्या जोडीची चावी आणि इमोबिलायझरचे मॉड्यूल एकत्रच घ्यावेत, नाहीतर योग्य उपकरणाने नव्याने जोडणी करून घ्यावी लागते. कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या) डिझेल इंजिनांत अनेकदा प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरे आणि अंक यांचा एक कोड कोरलेला असतो. इंजेक्टर इंजिनाबरोबर येत असतील तर इंजिन बाहेर असतानाच ते कोड सिलिंडरच्या क्रमाने लिहून ठेवावेत, कारण ते आपल्या ईसीयूमध्ये भरावे लागतात आणि इंजिन आत गेल्यावर ते वाचणे अवघड होते.

जुने इंजिन उतरवणे

हे काम दोन माणसांचे आहे, आणि जागा सपाट व कठीण हवी. गाडी केवळ जॅकवर कधीही ठेवू नये. भक्कम घोड्या लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जावे. चार सिलिंडरचे लहान पेट्रोल इंजिन साधारण १०० किलोच्या आसपास भरते, डिझेल त्याहून बरेच जड असते, आणि गिअरबॉक्स जोडलेला असेल तर तो भार आणखी वाढतो. चेन कुप्पी किंवा इंजिन क्रेन या एकूण वजनाच्या निदान दुपटीला पुरेल अशी असावी. टांगलेल्या इंजिनाखाली हात, पाय किंवा डोके क्षणभरही नेऊ नये.

बॅटरीची ऋण वायर सर्वांत आधी काढावी. त्यापूर्वी पेट्रोल गाडीत इंधन पंपाचा रिले काढून इंजिन सुरू करावे, म्हणजे नळीतले पेट्रोल संपून दाब उतरतो. इंजिन सुरू होण्याच्या स्थितीत नसेल तर नळीच्या जोडावर कापड गुंडाळून ती सावकाश सैल करावी. कूलंट थंड इंजिनातूनच सोडावे आणि भांड्यात धरावे, कारण ते विषारी असून चवीला गोड लागते व जनावरे ते पितात. एसीचे पाईप उघडू नयेत. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसर ब्रॅकेटपासून सोडवून, पाईप जोडलेलेच ठेवून, तारेने बाजूला बांधता येतो. ते शक्य नसेल तर गॅस यंत्राने आधी काढून घ्यावा. तो हवेत सोडणे पर्यावरणाला घातक आहे आणि अनेक देशांत बेकायदाही आहे.

प्रत्येक कपलर सोडवण्यापूर्वी त्याचा फोटो काढावा आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेली चिकटपट्टी लावावी. गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाभोवतीचे बोल्ट एकाच जाडीचे पण वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर त्या तोंडाचा आकार काढून, भोके पाडून, प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवला तर नंतर एक क्षणही वाया जात नाही. लांब बोल्ट आखूड जागी लावल्याने ॲल्युमिनियमचे कवच तडकते. सायलेन्सरचे गंजलेले नट आदल्या दिवशीच गंज सोडवणाऱ्या ऑइलने भिजवून ठेवावेत.

पुढची चाके ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढणे मला अधिक पसंत आहे. उतरवताना थोडी कसरत होते, पण दोघांची जोडणी नंतर जमिनीवर, उजेडात, चारी बाजूंनी पाहत करता येते. काही गाड्यांत सबफ्रेमसह (इंजिनाखालच्या वेगळ्या चौकटीसह) सारे खालूनच उतरवावे लागते. तिथे सबफ्रेमच्या जागेच्या खुणा आधी करून ठेवाव्यात, आणि स्टिअरिंगचा जोड सोडवण्यापूर्वी स्टिअरिंग पट्ट्याने बांधून टाकावे, नाहीतर ते मोकळे फिरून त्यामागची एअरबॅगची गुंडाळलेली वायर तुटते. ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढलेल्या चाकांवर गाडी टेकवून ढकलू नये. हबचा मोठा नट घट्ट नसताना भार आला तर चाकाचे बेअरिंग खराब होते.

दोन्ही इंजिने शेजारी ठेवून

जुने इंजिन उतरवल्याबरोबर अनेक जण नवे आत टाकायला धावतात. मी म्हणेन, इथे अर्धा दिवस द्यावा. दोन्ही इंजिने एकाच दिशेने तोंड करून शेजारी ठेवावीत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक भोक, प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक नळीचे तोंड ताडून पाहावे. माउंटिंगची भोके त्याच जागी आहेत का, डिपस्टिकची नळी त्याच बाजूला आहे का, हीटरच्या नळ्या त्याच दिशेने निघतात का, थर्मोस्टॅटच्या घरावर तितकेच सेन्सर आहेत का, प्रत्येक सेन्सरच्या कपलरमध्ये पिनांची संख्या तीच आहे का, ऑइलचा चेंबर त्याच आकाराचा आहे का, पॉवर स्टिअरिंगच्या पंपाला जागा आहे का, हे पाहायचे. आपल्या गाडीचे स्टिअरिंग हायड्रॉलिक आणि दुसरीचे इलेक्ट्रिक असेल, तर पंपाचे ब्रॅकेट आणि पुली आपल्या जुन्या इंजिनावरूनच येतील आणि बेल्टची लांबीही आपल्या गाडीचीच लागेल.

जिथे फरक दिसेल तिथे जुन्या इंजिनाचा भाग नव्यावर चढवावा. म्हणूनच नवे इंजिन सुरू होऊन काही दिवस नीट चालेपर्यंत जुने भंगारात देऊ नये.

इंजिन बाहेर असताना ज्या गोष्टींना हात सहज पोहोचतो, त्या इंजिन आत गेल्यावर कित्येक तासांच्या होतात. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर व रोलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्रँकचे पुढचे आणि मागचे ऑइल सील आणि क्लचचा रिलीज बेअरिंग हे सारे नवे घालावे, जुने कितीही चांगले दिसले तरी. ब्लॉकच्या बाजूचे वाटीसारखे कोअर प्लग गंजून पातळ झाले असतील तर तेही याच वेळी बदलावेत. माउंटिंगचे रबर तडकलेले असेल तर ते जुने ठेवून केलेली बचत पहिल्याच दिवशी थरथरीच्या रूपाने जाणवते.

मागच्या ऑइल सीलविषयी थोडे विस्ताराने सांगतो. जुने रबरी सील बसवताना त्याच्या ओठाला ऑइलचा हलका हात द्यायचा असतो. नव्या गाड्यांत टेफ्लॉनसारख्या पदार्थाच्या ओठाचे सील येते आणि ते पूर्ण कोरडे, क्रँकचा पृष्ठभागही कोरडा पुसून बसवायचे असते, कारण पहिल्या फेऱ्यांत त्या पदार्थाचा पातळ थर क्रँकवर चढून खरे सील तयार होते. सवयीने ऑइल लावले की ते गळू लागते आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. सीलबरोबर जी प्लॅस्टिकची कडी मिळते तिच्यावरूनच ते सरकवावे. ओठ आतल्या बाजूला दुमडला नाही ना हे बोटाने नव्हे, उजेडात डोळ्यांनी पाहावे.

टायमिंग बेल्ट घालताना क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या खुणा जुळवून, टेन्शनर ताणून झाल्यावर, इंजिन हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे फिरवावे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो. त्यानंतर सर्व खुणा पुन्हा तंतोतंत जुळल्या पाहिजेत. एका दाताची चूकही अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची टक्कर घडवू शकते. हाताने फिरवताना अडथळा जाणवला तर जोर न लावता थांबावे.

ऑइलचा चेंबर एकदा उतरवून त्यातली जाळी पाहणे चांगले. जाळीला काळा गाळ चिकटलेला असेल तर तो धुऊन टाकावा. जाळी चोंदल्यामुळे ऑइलचा दाब न मिळून चांगली इंजिने गेलेली आहेत.

गिअरबॉक्सशी जोडणी आणि इंजिन आत बसवणे

क्लच लावण्यापूर्वी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने पुसून एकही ऑइलचा डाग ठेवू नये. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घ्यावेत आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने व अंशांनी आवळावेत. क्लच प्लेट मध्यभागी धरण्याचा दांडा वापरावा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत आवळावेत.

गिअरबॉक्स जोडताना दोन मार्गदर्शक पिना जागेवर आहेत याची खात्री करावी. त्या जुन्या इंजिनातच राहून गेल्या, तर गिअरबॉक्सचा शाफ्ट किंचित तिरका बसतो आणि काही काळाने क्लच व बेअरिंग दोन्ही त्रास देतात. दोन्ही तोंडे हाताच्या दाबाने पूर्ण भिडली पाहिजेत. मधली फट बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह कधीही करू नये. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये हा नियम आणखी कठोर आहे. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी असणारा ऑइलने भरलेला डबा) हाताने फिरवत आत ढकलावा लागतो, आणि तो एकेका खाचेत उतरताना टप्प्याटप्प्याने ‘खट्’ असा आवाज येतो. शेवटची खाच राहिली, तर इंजिन आवळताना कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपावर दाबला जाऊन तो पंप फोडतो. दोन्ही तोंडे भिडल्यावर, कन्व्हर्टरचे बोल्ट लावण्यापूर्वी, तो हाताने सहज फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून थोडे अंतर राखून असला पाहिजे. तो फिरत नसेल तर सारे मागे घ्यावे.

इंजिन आत उतरवताना एकाने क्रेन सांभाळावी आणि दुसऱ्याने केवळ पाहावे, कुठली नळी किंवा वायर अडकत तर नाही ना. माउंटिंगचे सर्व बोल्ट आधी हाताने सैल लावून, क्रेनवरचा भार सोडून, इंजिन हलके हलवून ते स्वतःच्या जागी बसू द्यावे आणि मगच टॉर्क रेंचने आवळावे. एक बाजू आधी आवळली तर रबर पिळलेले राहते आणि नवे माउंटिंग असूनही केबिनमध्ये थरथर येते.

जोडणीत सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे इंजिनाची अर्थ वायर. ती राहिली की स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधत ॲक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा सेन्सरच्या बारीक वायरमधून जातो. केबल लाल होते, वायर जळते, आणि कधी ईसीयूही जातो. अर्थ वायरीची दोन्ही टोके घासून चकचकीत धातूवर घट्ट बसवावीत.

पहिल्यांदा सुरू करताना

नवे ऑइल, नवा फिल्टर, गिअरबॉक्सचे ऑइल आणि कूलंट भरून झाल्यावर लगेच इंजिन सुरू करू नये. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, पेट्रोल इंजिनात प्लग काढून, स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरवावा आणि मध्ये त्याला विश्रांती द्यावी. ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत हे करावे. टर्बो असेल तर हे टाळून चालणारच नाही, कारण कोरड्या बेअरिंगवर टर्बो काही क्षणांत खराब होतो.

प्लग व कपलर पुन्हा लावून, चावी काही वेळा चालू-बंद करून इंधनाचा दाब भरू द्यावा आणि मग इंजिन सुरू करावे. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर ताबडतोब बंद करावे. ते चालू असताना रेस न देता, टॉर्चच्या उजेडात प्रत्येक जोडाकडे पाहावे. डिझेल गाडीत उच्च दाबाच्या नळीवर गळती शोधायला हात कधीही फिरवू नये. तिथला दाब हजार बारहून अधिक असतो आणि ती बारीक धार कातडीत शिरते. तशी जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे.

हीटर पूर्ण गरम बाजूला ठेवून कूलंटमधली हवा काढावी. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसला उघडतो. तेव्हा वरचा होस पाईप एकदम गरम होतो आणि पाण्याची पातळी खाली जाते. पंखा स्वतःहून सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन तसेच चालू द्यावे. काटा वर चढला, पण हीटरची हवा थंडच असेल, तर आत हवा अडकलेली आहे. बंद करून, पूर्ण थंड होऊ देऊन पुन्हा भरावे. गरम असताना झाकण उघडू नये. चार्जिंग १३.५ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आहे हेही याच वेळी पाहावे.

स्कॅनर लावून जुने एरर कोड पुसावेत, थ्रॉटल आणि आयडल (रेस न देता इंजिन चालण्याची गती) ईसीयूला नव्याने शिकवून घ्यावे, आणि काही दिवस गाडी चालवल्यावर इंधनाची दीर्घकालीन दुरुस्ती (लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) पाहावी. ती शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांच्या आत असेल तर ईसीयूने इंजिन स्वीकारले असे समजावे. ती सतत अधिक बाजूला राहिली तर बहुधा एखाद्या व्हॅक्यूम नळीतून किंवा मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा गळत असते.

पहिली फेरी जवळची असावी. घरी आल्यावर, इंजिन थंड झाल्यावर, कूलंट आणि ऑइलची पातळी, ड्राइव्ह शाफ्टचे नट आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा पाहावेत. पहिले ऑइल ५०० ते १,००० किलोमीटरवर बदलावे आणि निघालेला फिल्टर कापून पाहावा. गाडीचे मीटर यापुढे बॉडीचे वय सांगेल, इंजिनाचे नाही. त्यामुळे बसवण्याच्या दिवशीचे मीटरवरचे आकडे, इंजिनाचे आधीचे किलोमीटर आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची तारीख एका कागदावर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी. जिथे नोंदणीच्या कागदपत्रांवर इंजिन क्रमांक असतो, तिथे तो बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इंजिन ज्या गाडीतून आले तिच्या मालकाची पावती व कागदपत्रे इंजिन घेतानाच मागून घ्यावीत.